उतरत्या थंडीत पाखरांना काय हवे असते?

माघ सरत आला की अर्धापूरच्या शिवारात एकाच सकाळी दोन परस्परविरोधी गोष्टी दिसतात. ज्वारीच्या तुकड्यात माळ्यावर उभी असलेली बाई गोफण फिरवून पाखरे हाकलत असते. त्याच वेळी, दोन शेते ओलांडून असलेल्या शाळेत गुरुजी मुलांना सांगत असतात, "घराच्या गच्चीवर पाखरांसाठी मूठभर दाणे टाका." मूठभर दाणे घेऊन घरी निघालेला मुलगा कदाचित त्या माळ्यावरच्या बाईचाच असतो. त्याने आईला विचारले, "आपण पाखरे हाकलायची की जेवायला घालायची?" तर तिने काय सांगावे?

हा प्रश्न भाबडा नाही. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी दुसरे एक उत्तर शोधावे लागते. हिवाळ्याच्या अखेरीस, मराठवाड्यासारख्या प्रदेशात, पाखरांना आपल्या दाण्याची गरज असते का? आणि नसेल, तर त्यांना कशाची गरज असते? हे शोधताना थोडे भौतिकशास्त्र लागते, थोडे वनस्पतिशास्त्र लागते आणि बरेचसे डोळे उघडे ठेवून पाहणे लागते. म्हणूनच हा विषय वर्गात घेण्याजोगा आहे.

थंडीचा हिशेब

हिवाळ्यात पक्ष्यांना खाऊ घालण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत फार रुजलेली आहे. इंग्लंडमध्ये १८९०-९१ चा हिवाळा अतिशय कडक गेला, तेव्हा वर्तमानपत्रांनी लोकांना पक्ष्यांसाठी अन्न ठेवण्याचे आवाहन केले होते. तिकडे ही पद्धत का रुजली, ते एका साध्या हिशेबाने समजते.

पक्ष्याच्या शरीराचे तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्यापेक्षा चार अंशांनी जास्त. बाहेर थंडी असेल तर शरीरातली उष्णता सतत बाहेर जाते. ती किती वेगाने जाते हे ढोबळमानाने आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. चहाचा कप थंड हवेत लवकर निवतो, तसेच हे.

आता २२ डिसेंबरच्या सुमाराची रात्र घेऊ. नांदेडकडे ही रात्र सुमारे १३ तासांची असते. थंडीच्या दिवसांत पहाटेचा पारा १२ अंशांच्या आसपास उतरतो असे धरले, तर फरक ४१ वजा १२ म्हणजे २९ अंश. याला १३ तासांनी गुणले की ३७७ येतात. लंडनमध्ये तीच रात्र सुमारे १६ तासांची असते. तिथे पारा शून्यावर आला तर फरक ४१ अंश, आणि ४१ गुणिले १६ म्हणजे ६५६. हे आकडे खऱ्या उष्णतेचे नाहीत, फक्त तुलनेसाठी आहेत. रात्रभर एकच तापमान राहते, हेही आपण सोयीसाठी धरले आहे. पण तुलना बोलकी आहे. तिकडच्या पक्ष्याची रात्र जवळजवळ पावणेदोन पट महाग आहे.

एवढ्यावर हिशेब संपत नाही. रात्री खर्च झालेले दिवसा भरून काढायचे असते. लंडनच्या पक्ष्याला त्यासाठी जेमतेम ८ तासांचा उजेड मिळतो, आपल्याकडच्या पक्ष्याला ११ तास मिळतात. ६५६ ला ८ ने भागले की ८२ आणि ३७७ ला ११ ने भागले की ३४ येतात. म्हणजे खाण्याच्या प्रत्येक तासात तिकडच्या पक्ष्याला जवळजवळ अडीच पट कमाई करावी लागते, आणि तीही जमीन गोठलेली, किडे नाहीसे झालेले, कधी सगळ्यावर बर्फ पडलेले अशा स्थितीत. छोटा पक्षी अशा एका रात्रीत आपल्या वजनाचा दहावा हिस्सासुद्धा गमावू शकतो. तिथे खिडकीबाहेर टांगलेली दाण्यांची पिशवी एखाद्या जिवाला सकाळ दाखवू शकते.

पक्षी जितका लहान, तितकी ही अडचण मोठी. याचे कारण मुलांना फळ्यावर दाखवता येते. १ सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंमी आणि घनफळ १ घन सेंमी असते, म्हणजे गुणोत्तर ६. बाजू २ सेंमी केली तर २४ आणि ८, गुणोत्तर ३. बाजू ३ सेंमी केली तर ५४ आणि २७, गुणोत्तर २. वस्तू लहान होते तसतसा तिच्या आकारमानाच्या मानाने उष्णता बाहेर जाण्याचा पृष्ठभाग वाढत जातो. एका पातेल्यात आणि एका छोट्या वाटीत सारखेच गरम पाणी ठेवून दर पाच मिनिटांनी तापमापीने नोंद घ्या. वाटी आधी निवते. आपला गावकावळा सुमारे ३०० ग्रॅमचा, चिमणी सुमारे २५ ग्रॅमची आणि शिंजीर, म्हणजे फुलांवर भिरभिरणारा सूर्यपक्षी, अवघा ८ ग्रॅमच्या आसपास. कावळा म्हणजे पातेले आणि शिंजीर म्हणजे वाटी. थंडीच्या सकाळी चिमण्या पिसे फुलवून गोळा होऊन बसतात, ते पिसांमध्ये हवेचा थर अडकवून ठेवण्यासाठी. त्यांची ती गोधडीच.

पण मराठवाड्यातील थंडी फेब्रुवारीच्या मध्यावर उतरणीला लागलेली असते. दिवस साडेअकरा तासांचा झालेला असतो, दुपारी ऊन चटकायला लागते. म्हणजे थंडीने पाखरे मरतील, म्हणून त्यांना खाऊ घाला, हे कारण आपल्याला लागू पडत नाही. दुसऱ्याच्या हवामानातला नियम आपल्याकडे तसाच उचलून आणता येत नाही.

शिवारातले ताट

थंडीचे कारण गेले. आता अन्नाचे पाहू. माघ-फाल्गुनात अर्धापूरच्या आसपास पाखरांसाठी काय काय वाढलेले असते, याची यादी मुलांकडूनच करून घ्या. ती लांबलचक होते.

रब्बी ज्वारीचे दाणे भरून टणक होत असतात. गव्हाच्या ओंब्या पिकत असतात. हरभऱ्यात घाटे आणि त्यांत अळ्या असतात. बांधांवर गवताचे बी गळत असते. ईसापूर धरणाच्या, म्हणजे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या पाण्यावर अर्धापूर तालुक्यात केळीच्या बागा उभ्या राहिल्या आहेत. त्या बागांत वर्षभर सावली, ओल आणि किडे असतात. केळफुलातला रस घ्यायला शिंजीर येतो. हळदीची काढणी चालू झाली की उकरलेल्या मातीतून किडे वर येतात आणि साळुंक्या, बगळे, कोतवाल मागोमाग हजर होतात. बांधावरच्या वडा-उंबरांची फळे तांबट आणि बुलबुल खातात. पांगारा, काटेसावर आणि पळस ही झाडे तर याच दिवसांत, पाने गाळून, लाल-केशरी फुलांनी भरून जातात.

ही झाडे नेमकी आताच आणि याच रंगात का फुलतात? मधमाशीच्या डोळ्याला लाल रंग नीट ओळखता येत नाही. पक्ष्यांना तो स्पष्ट दिसतो. पळसाच्या फुलाला वास नाही, पण रस भरपूर आहे. पाने गळालेली असल्यामुळे फुले दुरून दिसतात. रस प्यायला आलेल्या मैनेच्या कपाळाला पराग चिकटतात आणि पुढच्या फुलावर जातात. म्हणजे पळसाने पाखरांसाठी मांडलेली ही पंगत फुकटची नाही. ती मजुरी आहे.

आता प्रत्येक पाहुण्याची चोच पाहा. चिमणी, मुनिया, सुगरण यांची चोच आखूड, जाड, त्रिकोणी असते; ती अडकित्त्यासारखी दाणा फोडते. शिंजिराची चोच लांब, बारीक, वाकडी असते. वेड्या राघूची चोच चिमट्यासारखी, उडता किडा पकडायची. दयाळ, चिरक, धोबी यांच्या चोची बारीक, जमिनीवरचे किडे टिपायच्या. शिंपी पानापानांतून किडे वेचतो. सातभाई पाचोळा उलटापालटा करत फिरतात.

अंगणात आणि परसात नेहमी दिसणाऱ्या पक्ष्यांची नावे मुलांना एका ओळीत लिहायला सांगा आणि दाणे खाणाऱ्यांभोवती गोल काढायला सांगा. चिमणी, होला, पारवा, मुनिया, सुगरण, पोपट एवढ्यांभोवतीच गोल पडतील. बाकीचे बहुतेक किडे, फळे, रस खाणारे. म्हणजे 'पक्ष्यांसाठी' म्हणून टाकलेले दाणे खरे तर मोजक्याच पक्ष्यांसाठी असतात. आणि दाणे खाणाऱ्यांचीही एक गोष्ट आहे. चिमणी स्वतः दाणे खाते, पण घरट्यातल्या पिलांना, विशेषतः पहिल्या काही दिवसांत, प्रामुख्याने किडे आणि अळ्या भरवते. वाढत्या पिलाला प्रथिने लागतात, आणि ती दाण्यांत पुरेशी नसतात. अळ्याच नसतील तर दाण्यांच्या राशी असूनही चिमणीची पिले जगत नाहीत.

चोर की राखणदार?

आता माळ्यावरच्या बाईकडे वळू. तिची तक्रार खरी आहे. ज्वारीवर उतरणाऱ्या पाखरांत चिमण्या, पोपट आणि सुगरणींबरोबर दोन परदेशी पाहुणे असतात. एक काळ्या डोक्याचा, पिवळ्या पोटाचा भारीट आणि दुसरी भोरडी. काळे डोके, गुलाबी अंग आणि शेकडोंचा थवा ही भोरडीची खूण. पळसावर दिसते म्हणून तिला पळसमैना असेही म्हणतात.

भोरड्या पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून आपल्याकडे यायला लागतात आणि चैत्राच्या सुमारास परत जातात. त्यांचे माहेर मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशात. तिथे त्या पिले वाढवतात आणि टोळ, नाकतोडे यांचा फडशा पाडतात. चीनच्या शिंच्यांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून भोरड्यांसाठी मुद्दाम दगडांच्या राशी रचून घरट्यांची सोय केली जाते. आपल्याकडे गोफणीचे दगड आणि तिकडे घरट्यासाठी दगड! पाखरू तेच, फक्त ऋतू आणि ताट वेगळे.

कोणता पक्षी किती नुकसान करतो आणि किती उपयोग, हे अंदाजाने सांगता येत नाही, मोजावे लागते. आपल्या देशात असा एक मोठा प्रयत्न बिहारमधील पुसा येथील शेती संशोधन संस्थेत झाला. तिथे सी. डब्ल्यू. मेसन यांनी निरनिराळ्या पक्ष्यांच्या पोटात काय सापडते ते तपासले, आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्यासह 'भारतातील पक्ष्यांचे खाद्य' या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९१२ साली निघाला. पुढे डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. मराठवाडा त्या वेळी त्याच संस्थानात होता. आपल्या भागातील पक्ष्यांच्या शास्त्रीय अभ्यासाला अशी जुनी परंपरा आहे.

शेतकऱ्याचे नुकसान आज अधिक जाणवते, त्याचे एक कारण पाखरांत नसून पिकांत आहे. सोयाबीन आले तसे मराठवाड्यातले ज्वारीचे क्षेत्र, विशेषतः खरिपातले, कमी होत गेले. पूर्वी गावभर ज्वारी असे, तेव्हा थवा शंभर शेतांत विभागला जाई. आता सगळ्या शिवारात एखाद-दुसऱ्या शेतातच ज्वारी असेल, तर सगळा थवा तिथेच उतरतो. पुढच्या वर्षी तो शेतकरीही ज्वारी सोडून देतो आणि उरलेल्यांवरचा भार आणखी वाढतो. लवकर किंवा उशिरा पेरलेल्या एकट्या शेताचे नुकसान जास्त होते, तेही याच कारणाने. गावातल्या ज्वारीवाल्यांनी मिळून एकाच आठवड्यात पेरणी केली, तर हा भार वाटला जातो.

म्हणजे आईने मुलाला काय सांगावे? एवढे नक्की सांगता येईल की पीक राखणे हे पाखरांशी वैर नाही. गोफणीच्या आवाजाने थवा उठतो आणि बांधावरच्या पळसावर जाऊन बसतो. पळस, बाभळी, बोरी आणि गवताचा बांध शाबूत असेल, तर त्याला जायला जागा असते. बांध उजाड केला, तर हाकललेला थवा पुन्हा ज्वारीतच उतरतो.

दाणे टाकावेत की टाकू नयेत?

गरज नसली तरी दाणे टाकण्याला एक चांगले कारण उरते. पाखरे जवळून पाहायला मिळतात, मुलांना त्यांची ओळख होते. हे कारण पुरेसे आहे. फक्त आपण ते स्वतःसाठी करतो आहोत हे लक्षात ठेवावे, म्हणजे त्याला मर्यादा आपोआप येते.

मर्यादा का हवी? एकाच जागी रोज भरपूर अन्न पडले की पाखरे दाटीने जमतात आणि रोग पसरायला वाव मिळतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच या पक्ष्यांत ट्रायकोमोनास नावाच्या एकपेशीय परजीवीची साथ पसरली. आजारी पक्ष्याची लाळ लागलेला दाणा आणि पाणी निरोग्याच्या चोचीत जात होते. पुढच्या काही वर्षांत तिथल्या ग्रीनफिंचांची संख्या निम्म्याहून अधिक घटली. प्रेमाने टांगलेली दाण्यांची भांडीच इथे रोगाचे नाके ठरली.

दुसरी गोष्ट पारव्यांची. माणसाने टाकलेल्या दाण्यांवर आणि इमारतींच्या कोनाड्यांवर शहरांतले पारवे वाढत गेले. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून जाऊन फुप्फुसांचे विकार होऊ शकतात. जुलै २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने कबुतरखाने बंद करण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा या कारणाची बरीच चर्चा झाली आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. गावात ही वेळ आलेली नाही, पण ती कशी येते हे समजून घ्यायला हरकत नाही.

म्हणून काही साधे नियम पाळावेत. एका ताटलीत दोन चमचे दाणे पुरेत; सकाळी ठेवावेत आणि दुपारपर्यंत उरले तर उचलून घ्यावेत. बाजरी, राळा, ज्वारीची कणी चालते. कच्च्या तांदळाने पक्ष्याचे पोट फुटते हा समज खरा नाही. शिळा भात आंबतो, म्हणून तो ठेवू नये. चिवडा, फरसाण, शेव मुळीच नको, कारण छोट्या पक्ष्यांच्या शरीराला जास्तीचे मीठ बाहेर टाकणे जड जाते. दूध नको, पक्ष्यांना ते पचत नाही. बुरशी आलेले शेंगदाणे तर अजिबात नकोत. त्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे विष पक्ष्यांनाही घातक असते आणि माणसांनाही. ताटली रोज घासून उन्हात वाळवावी. ती मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी, पण पाच-सहा पावलांवर झुडूप असेल अशी ठेवावी.

मग कमतरता कशाची?

शिवारात काय नाही, ते शोधले की उत्तर सापडते. उतरत्या थंडीपासून पुढे जूनपर्यंत तीन गोष्टी कमी होत जातात.

पहिली गोष्ट पाणी. फेब्रुवारीअखेर ओढे, डबकी आटू लागतात. कालव्याला पाणी असले तर केळीच्या पट्ट्यात अडचण येत नाही, पण कोरडवाहू गावांत ती लवकर येते. पक्ष्यांना घाम येत नाही. ऊन तापले की ते चोच उघडून धापा टाकतात आणि श्वासावाटे पाण्याची वाफ सोडून अंग थंड ठेवतात. म्हणजे उन्हाळ्यात त्यांचा पाण्याचा खर्च वाढतो आणि नेमकी त्याच वेळी आवक घटते. शिवाय दाणे खाणाऱ्याला पाण्याची गरज जास्त, कारण कोरड्या दाण्यात पाणी फार थोडे असते. अळ्या आणि फळे खाणाऱ्याला अन्नातूनच बरेच पाणी मिळते. तरीही प्यायला आणि अंघोळीला सगळेच येतात. पिसे स्वच्छ नसली तर उडणेही कठीण आणि ऊब राखणेही कठीण.

पाण्यासाठी मातीची पसरट परात उत्तम. खोली दोन बोटांहून जास्त नको आणि मधे एक खडबडीत दगड हवा, म्हणजे छोटे पाखरू बुडणार नाही. माठाचा खालचा फुटका भागही चालतो. दर दोन-तीन दिवसांनी पाणी पूर्ण ओतून, घासून, पुन्हा भरावे. डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. त्याआधी पाणी ओतले की डासांचा प्रश्न मिटतो.

दुसरी गोष्ट घर. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांना जाड भिंती, देवळ्या, लाकडी तुळयांच्या फटी असत. त्या फटी म्हणजे चिमण्यांची वसाहत. माळवद पाडून स्लॅबचे घर झाले की भिंत गुळगुळीत होते. चिमणीला दाणे मिळतात, पण घरटे कुठे करायचे? ती काही झाडावर विणकाम करणारी सुगरण नव्हे. तिला भोक लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिमण्या जागा हुडकू लागतात, म्हणून हीच वेळ योग्य. लाकडी खोके किंवा छोटे मडके घ्यावे, त्याला सव्वा ते दीड इंच व्यासाचे भोक ठेवावे आणि ते आठ-दहा फूट उंचीवर, दुपारचे ऊन न लागणाऱ्या बाजूला बांधावे. पत्र्याचा डबा नको. तो उन्हाळ्यात तापतो आणि पिले भाजून निघतात.

तिसरी गोष्ट कुंपण आणि पाचोळा. शाळेचे आवार रोज झाडून लख्ख करण्याची आपल्याला सवय आहे. एका कोपऱ्यात पाचोळा पडू दिला की त्यात किडे येतात आणि किड्यांमागे सातभाई, दयाळ, चिरक येतात. सिमेंटच्या भिंतीला लागून मेंदी, बोर, करवंद यांची झुडपे लावली तर बुलबुल आणि शिंपी घरटे करतील. ज्या पक्ष्यांना दाण्यांनी बोलावता येत नाही, त्यांना असे बोलावता येते.

वर्गाचा प्रयोग

वर जे लिहिले आहे ते मुलांना आधी सांगू नका. त्यांनाच शोधू द्या.

मैदानाच्या कडेला चार सारख्या ताटल्या ठेवा. पहिलीत बाजरी, दुसरीत ज्वारीची कणी, तिसरीत पिकलेल्या केळ्याच्या फोडी आणि चौथीत फक्त पाणी. अर्धापुरात प्रतवारीत बाजूला काढलेली केळी सहज मिळतील. सकाळी साडेसात ते पावणेआठ अशी पंधरा मिनिटे, वीस पावलांवरून, गप्प बसून पाहायचे. वहीत पाच रकाने आखा: तारीख, पक्षी, कोणती ताटली, एका वेळी दिसलेली जास्तीत जास्त संख्या, आणि तो काय करत होता.

तीन गोष्टींवर चर्चा घडवून आणा. एक, ताटल्या ठेवण्याआधी तीन दिवस नुसतेच का मोजायचे? तुलनेला आधार हवा म्हणून. दोन, ताटल्यांच्या जागा रोज का बदलायच्या? नाहीतर पक्षी बाजरीसाठी आला की झाडाजवळची जागा आवडली म्हणून आला, ते कळणार नाही. तीन, पंधरा मिनिटांत आलेल्या सगळ्या चिमण्यांची बेरीज का करायची नाही? तीच चिमणी पाच वेळा येऊन गेली असेल, म्हणून एका नजरेत दिसलेली सर्वांत मोठी संख्याच लिहायची. एकही पक्षी आला नाही तर शून्य लिहायचे. शून्य हीसुद्धा नोंद आहे.

दहा दिवसांनी प्रत्येक ताटलीवर किती जातींचे पक्षी आले ते मोजा आणि स्तंभालेख काढा. सर्वांत जास्त पक्षी कोणत्या ताटलीवर आले आणि सर्वांत जास्त जाती कोणत्या ताटलीवर आल्या, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे एकच येतात का, ते मुलांना पाहू द्या. निष्कर्ष तेच लिहितील.

अशा नोंदींचे पुढे काय होते? फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' ही परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते. ती १९९८ साली उत्तर अमेरिकेत सुरू झाली आणि २०१३ पासून भारतातही होते. किमान पंधरा मिनिटे पाहायचे आणि यादी 'ई-बर्ड'वर भरायची, एवढाच नियम. भारतभरच्या हौशी निरीक्षकांच्या अशा याद्यांवरून २०२० साली देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. चिमण्या देशातून नाहीशा होत आहेत असे सगळीकडे बोलले जात होते. त्या अहवालात दिसले की एकूण देशात चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे, पण मोठ्या शहरांत ती घटते आहे. असा फरक केवळ मोजणीतून कळतो. मोठ्या शहरांतून नोंदी भरपूर येतात. तालुक्याच्या गावांतून मात्र त्या थोड्याच येतात, आणि म्हणून अर्धापूरसारख्या ठिकाणची एक यादी मोलाची असते.

या महिन्यात पाहण्यासारखे

मोजणी जमली नाही तरी काही गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. शिंजिराचा नर हिवाळ्यात मादीसारखा मळकट पिवळा असतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक काळपट पट्टी तेवढी असते. उतरत्या थंडीत त्याची पिसे बदलत जातात आणि तो झळझळीत जांभळा-काळा होतो. एकाच झाडावरचा नर दर आठवड्याला पाहून त्याचे चित्र काढले, तर पिसे बदलण्याचा अख्खा धडा वहीत उतरतो. तांबटाची 'टुक् टुक्' फेब्रुवारीपासून वाढत जाते. ती प्रथम कोणत्या तारखेला ऐकू आली ते लिहून ठेवा. मार्चमध्ये दयाळ पहाटे शीळ घालू लागेल. हे सारे बदल दिवस मोठा होण्याशी जोडलेले आहेत. डिसेंबरात ११ तासांचा असलेला दिवस मार्चअखेर सव्वाबारा तासांचा होतो. पक्ष्याच्या मेंदूला वाढत्या उजेडाची खबर लागते आणि विणीची तयारी सुरू होते.

धोबी, थिरथिरा, भोरड्या हे पाहुणे एप्रिलपर्यंत निघून जातील. शेवटचा धोबी कालव्याकाठी कोणत्या दिवशी दिसला, ही नोंद पहिल्या दर्शनाच्या नोंदीइतकीच महत्त्वाची आहे, पण ती ठेवणे अवघड आहे. आज दिसला तो शेवटचा, हे त्या दिवशी कळत नाही. म्हणून रोज लिहावे लागते. शाळेच्या भिंतीवर एक दिनदर्शिका टांगा आणि ज्याला पक्षी दिसेल त्याने त्या दिवसाच्या चौकटीत नाव लिहायचे असे ठरवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना तुलना करायला ती जपून ठेवा.